समलंब चौकोनाएवढी जमीन

६४० आडवे, ४८० उभे. गुणाकार केला की ३ लाख ७ हजार २०० ठिपके होतात. सिम्युलेटरमधल्या रोबोच्या डोक्यावर बसवलेला कॅमेरा सेकंदाला अशी तीस चित्रे सहज देतो आणि प्रत्येक ठिपक्यात असतात जेमतेम तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. जमिनीवरची पांढरी पट्टी रोबोपासून दोन मीटरवर आहे की सहा, डावीकडचा खड्डा चाकाच्या वाटेत येतो की बाजूने निघून जातो, यातले काहीही त्या आकड्यांत नसते. चित्रात अंतर नसतेच. ते बाहेरून आणावे लागते.

गंमत अशी की सिम्युलेटरला सगळे ठाऊक असते. ती पट्टी त्यानेच तिथे ठेवलेली असते, अगदी मिलिमीटरच्या हिशेबाने. रोबो चालवणाऱ्या प्रोग्रॅमने मात्र हे त्याला विचारायचे नाही, कारण उद्या खऱ्या अंगणात किंवा गोदामात विचारायला कोणी नसेल. त्यामुळे इथे एकच प्रवास दोनदा होतो. जमिनीवरून चित्र बनवण्याचे काम सिम्युलेटर करतो. चित्रावरून जमीन शोधण्याचे काम आपल्या वाट्याला येते. जाताना मात्र एक गोष्ट वाटेत सांडलेली असते. चित्रातला एक ठिपका म्हणजे कॅमेऱ्यातून बाहेर पडणारा एक किरण, आणि त्या किरणावरची जवळची लहान वस्तू असो की दूरची मोठी, दोन्ही त्याच ठिपक्यात येऊन बसतात. परत जाताना या किरणाला कुठेतरी अडवायला हवे. अडवायला सगळ्यांत सोयीची गोष्ट म्हणजे जमीन.

उदाहरणासाठी गॅझेबो हा सिम्युलेटर घेऊ. २००२ साली युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात अँड्र्यू हॉवर्ड आणि त्यांचा विद्यार्थी नेट कोनिग यांनी तो लिहायला घेतला. तो मोफत आहे, आणि रॉस या रोबोंच्या सॉफ्टवेअरशी त्याची जोडी जुनी आहे. २०१३ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने आपल्या रोबो-स्पर्धेची एक फेरी संपूर्णपणे गॅझेबोत घेतली. तिथे आभासी मनुष्याकृती रोबो नीट चालवून दाखवणाऱ्या संघांना पुढे खरा रोबो मिळाला. मुंबईच्या आयआयटीतल्या ई-यंत्र प्रकल्पाच्या काही स्पर्धांतही विद्यार्थ्यांनी रॉस आणि गॅझेबो वापरले आहेत.

गॅझेबोत कॅमेरा म्हणजे मजकुराच्या फाइलमधल्या मोजक्या ओळी. चित्राची रुंदी, चित्राची उंची आणि आडवे दृष्टिक्षेत्र, म्हणजे डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत कॅमेरा किती कोनात पाहतो तो आकडा. नमुन्याच्या कित्येक फाइलींत हा कोन १.०४७ असा लिहिलेला सापडतो. आकडा विचित्र वाटतो, पण तो रेडियनमध्ये आहे. अंशात तो साधा ६०. काच नाही, भिंग नाही, फिल्म नाही. शाळेच्या प्रयोगवहीतला सूचिछिद्र कॅमेराच हा, छिद्र मात्र गणितातले, शून्य व्यासाचे.

या तीन आकड्यांतून एक चौथा निघतो आणि पुढचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा राहतो. चित्राची अर्धी रुंदी घ्या आणि अर्ध्या कोनाच्या टॅनने भागा: ३२० भागिले टॅन ३०°. उत्तर ५५४.२५च्या आसपास. हे नाभीय अंतर, पण मोजलेले ठिपक्यांत. छिद्रापासून ५५४ ठिपके दूर एक पडदा टांगला आहे आणि त्यावर ६४० ठिपके रुंद चित्र पडते आहे, असा त्याचा अर्थ. गॅझेबोवर काम केलेल्या कोणालाही ५५४.२५ म्हणून पाहा, तो ओळखीचे हसेल.

इथेच पहिला सापळा आहे. आडवा कोन ६० तर उभा किती? ६४० ला ६०, तर ४८० ला ४५, असे त्रैराशिक मांडण्याचा मोह होतो. चूक. कोन ठिपक्यांच्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यांचे टॅन वाढतात. उभा कोन निघतो सुमारे ४६.८ अंश. फरक पावणेदोन अंशांचा, पण तो किती महाग पडतो ते पुढे दिसेल. दुसरा सापळा सिम्युलेटर बदलताना लागतो. गॅझेबोत लिहिलेला कोन आडवा असतो; युनिटी या गेम-इंजिनमध्ये, मुद्दाम बदलला नाही तर, तोच कोन उभा धरतात आणि तिथेही नेहमीचा आकडा ६०च. तेच ६०, तेच ६४० बाय ४८०चे चित्र, आणि तरी युनिटीतला कॅमेरा आडवा ७५ अंश पाहतो. दोन प्रोग्रॅमांनी एकाच आकड्याला वेगळा अर्थ द्यावा, हा संगणकाच्या जगातला जुना रोग आहे आणि त्यावर अजून औषध निघालेले नाही.

आता कॅमेरा उचलून रोबोवर बसवू. जमिनीपासून १ मीटर उंच, ३० अंश खाली झुकवलेला. पुढचे गणित महाराष्ट्रात दहावी झालेल्या प्रत्येकाने केलेले आहे: दीपगृहाच्या माथ्यावरून जहाज पाहणारा माणूस, त्याचा अवनत कोन, आणि जहाज किती दूर हा प्रश्न. उंचीला अवनत कोनाच्या टॅनने भागले की अंतर मिळते. इथे दीपगृह एक मीटरचे आहे आणि जहाजांच्या जागी चित्रातल्या ४८० ओळी आहेत, इतकेच. मधल्या ओळीचा अवनत कोन म्हणजे कॅमेऱ्याचा झुकावच, ३० अंश. तळाच्या ओळीचा ३० अधिक २३.४, माथ्याच्या ओळीचा ३० वजा २३.४. भागाकार केला की तळाची ओळ जमिनीला रोबोच्या पुढे ७४ सेंटिमीटरवर टेकते, मधली १ मीटर ७३ सेंटिमीटरवर, आणि वरची थेट ८ मीटर ६६ सेंटिमीटरवर.

रुंदीचेही तसेच. तळाच्या ओळीत डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत १.३२ मीटर जमीन मावते, मधल्या ओळीत २.३१ मीटर, माथ्याच्या ओळीत ९.२४ मीटर. अंधारात टॉर्च तिरका धरला की उजेडाचा गोल पुढे ताणला जातो, तसाच चित्राचा काटकोनी चौकोन जमिनीवर ताणून समलंब चौकोन होतो: रोबोच्या पायाशी अरुंद, पुढे सातपट रुंद. रोबोची त्या क्षणाची सगळी जमीन तेवढीच. या चौकोनाच्या अलीकडचे ७४ सेंटिमीटर त्याला दिसतच नाहीत.

पण चौकोनाच्या कडा काढून थांबणे म्हणजे अर्धेच काम. चौकोनाच्या आत ठिपके कसे वाटले गेले आहेत ते पाहा. तळाच्या एका ओळीच्या वाट्याला जमिनीची खोलीकडची २.४ मिलिमीटरची पट्टी येते. माथ्याच्या एका ओळीच्या वाट्याला ११.४ सेंटिमीटर. जवळजवळ ४९ पट फरक, कारण रुंदी सातपट वाढते तिथे ही लांबी सातच्या वर्गाने वाढते. पायाशी असलेली मुंगी मोजता येईल आणि आठ मीटरवर जमिनीत बसवलेली आडवी वीट एका ओळीत गडप होईल, असा हा कॅमेरा. ‘कॅमेऱ्याला साडेआठ मीटरपर्यंत दिसते’ हे वाक्य म्हणून मला नेहमी फसवे वाटते. दिसते, पण कसे?

याच ठिकाणी एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचे वजन कळते. चित्राचा मध्य कोणत्या ओळीवर धरायचा? ठिपके शून्यापासून मोजले आणि ठिपक्याचा मध्य हीच त्याची जागा मानली, तर ४८० ओळींचा मध्य २३९.५ येतो. जुन्या गॅझेबोला रॉसशी जोडणारा कॅमेऱ्याचा भाग मात्र २४०.५ सांगत असे. एका ओळीचा फरक. पायाशी तो अडीच मिलिमीटरही भरत नाही, पण वरच्या कडेला ११ सेंटिमीटरचा होतो, आणि अरुंद दारातून जाणाऱ्या रोबोला ११ सेंटिमीटर पुष्कळ.

चुकांचीही एक जातकुळी असते. कॅमेऱ्याची उंची दहा टक्क्यांनी चुकली, तर सगळी अंतरे दहा टक्क्यांनी चुकतात, जवळची आणि दूरची सारखीच. ही चूक सहसा अशी होते: उंची रोबोच्या धडाच्या मध्यापासून मोजली जाते आणि ते धड स्वतः चाकांवर दहा सेंटिमीटर उंच आहे हे विसरले जाते. त्रास होतो, पण चूक एकसारखी असल्याने सापडते. झुकावाची चूक वेगळ्या जातीची. कॅमेरा ३० ऐवजी २९ अंश झुकलेला असेल, तर तळाच्या ओळीचे अंतर ७४चे ७७ सेंटिमीटर होते, कोणाच्या लक्षातही येत नाही. माथ्याच्या ओळीचे अंतर मात्र ८.६६ वरून १०.२ मीटरवर जाते. एका अंशाला दीड मीटर. त्रैराशिकाने उभा कोन काढणाऱ्याला असाच दंड बसतो.

आणि झुकाव कमी करत नेला तर? २३.४ अंशांच्या खाली गेलो की चित्राच्या वरच्या भागात क्षितिज शिरते. क्षितिजावरच्या ओळीचा अवनत कोन शून्य, अंतर अनंत. त्याच्याही वरच्या ओळींचे किरण जमिनीला कधी भेटतच नाहीत. पण सूत्राला हे कळत नाही. ते निमूटपणे भागाकार करते आणि ऋण अंतर देते: समोरच्या आकाशातला ढग रोबोच्या पाठीमागे जमिनीवर पडलेला आहे, असे उत्तर. चित्रावरून नकाशा बनवणारे किती तरी प्रोग्रॅम पहिल्या धावेत रोबोमागे असे भुताटकीचे अडथळे पेरतात. उपाय एका ओळीचा आहे. किरण खाली जातो आहे ना, हे आधी तपासायचे, भागाकार नंतर.

किरण जमिनीवर अडवण्याची ही युक्ती रोबोंच्या दृष्टीइतकीच जुनी आहे. १९६३ साली एमआयटीत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी ठोकळ्यांच्या एका छायाचित्रावरून त्यांची त्रिमितीतली मांडणी ओळखणारा प्रोग्रॅम पीएचडीसाठी लिहिला. एका चित्रातून खोली मिळत नाही ही अडचण त्यांच्यापुढेही होतीच. त्यांनी धरून चालले की ठोकळा हवेत तरंगत नाही, तो जमिनीवर किंवा दुसऱ्या ठोकळ्यावर टेकलेला आहे; मग टेकलेल्या कडेवरून अंतर निघते. हेच रॉबर्ट्स पुढे आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याचे शिल्पकार म्हणून प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या ठोकळ्यांची आठवण संगणक-दृष्टीवाल्यांपुरती राहिली.

१९९०च्या दशकात हीच युक्ती रस्त्यावर आली. इटलीतल्या पार्मा विद्यापीठात अल्बेर्तो ब्रोज्जी यांच्या गटाने लान्चिया थेमा या मोटारीवर दोन साधे कृष्णधवल कॅमेरे बसवले आणि तिला आर्गो नाव दिले. कॅमेऱ्यातून दिसणारा, दूर जाऊन निमुळता होणारा रस्ता आधी सपाट करायचा, म्हणजे प्रत्येक ठिपका त्याच्या जमिनीवरच्या जागी नेऊन वरून पाहिल्यासारखे चित्र बनवायचे. तसे केले की लेनच्या पट्ट्या समांतर आणि सारख्या जाडीच्या दिसू लागतात, त्या शोधणे सोपे होते. १९९८च्या जूनमध्ये आर्गो इटलीच्या महामार्गांवर सुमारे २००० किलोमीटर फिरली आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रवासात स्टिअरिंग संगणकाच्या ताब्यात होते. आज नव्या मोटारींच्या पडद्यावर गाडी मागे घेताना वरून पाहिल्यासारखे जे दृश्य येते, त्याच्यामागे हेच गणित आहे.

त्या दृश्यात शेजारी उभी असलेली मोटार वेडीवाकडी, बाहेर पसरलेली दिसते, हे तुम्ही पाहिले असेल. तो बिघाड नाही. आपण सगळ्या ठिपक्यांना ‘तू जमिनीवर आहेस’ असे सांगितले आहे, आणि मोटारीचे छप्पर जमिनीवर नाही. आपल्या रोबोपुढे ४ मीटरवर अर्धा मीटर उंच खोके ठेवा. खोक्याच्या वरच्या कडेवरून गेलेला किरण, खोके नसते तर, ८ मीटरवर जमिनीला लागला असता. म्हणून सपाट केलेल्या चित्रात खोके ४ पासून ८ मीटरपर्यंत लांबते. खोके १ मीटर उंच, म्हणजे कॅमेऱ्याइतकेच उंच असेल, तर त्याची वरची कड क्षितिजाच्या पातळीवर येते आणि ताण अनंतापर्यंत जातो. सपाट मैदानात कॅमेऱ्याच्या उंचीच्या सगळ्या वस्तूंचे माथे क्षितिजरेषेलाच टेकतात. चित्रकारांना हे फार आधी कळले होते; फ्लॉरेन्सच्या लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती यांनी १४३५ साली चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, त्यात फरशीच्या ओळी दूर जाताना किती जवळ येतात ते काढण्याची रीत आहे. आपण करतो आहोत ती त्यांचीच फरशी उलटी वाचण्याची कसरत.

या ताणाचा उपयोगही करून घेता येतो. दोन कॅमेरे असतील तर दोघांची चित्रे सपाट करा आणि एकातून दुसरे वजा करा. जमीन दोन्हींत सारखी, ती पुसली जाते. जमिनीपासून उठलेली प्रत्येक गोष्ट दोन वेगळ्या दिशांना ताणलेली असते, ती उरते. आर्गो समोरचे अडथळे असेच हेरत असे.

सूत्रे सोपी, पण विद्यार्थ्यांची खरी दमछाक होते ती अक्षांपायी. रॉसच्या २०१०च्या संकेतानुसार रोबोच्या धडाला एक्स अक्ष पुढे, वाय डावीकडे आणि झेड वर. कॅमेऱ्याच्या चित्राला मात्र झेड पुढे, एक्स उजवीकडे, वाय खाली. दोन्ही पद्धतींना आपापली कारणे आहेत आणि दोन्ही एकाच रोबोवर सुखाने नांदतात, म्हणून एकाच कॅमेऱ्याला दोन चौकटी द्याव्या लागतात: एक तो जिथे बसवला आहे त्या जागेची, दुसरी तो जे पाहतो त्या चित्राची. मधली वळणे विसरली की रोबोला जमीन भिंतीसारखी उभी दिसते. त्यात झुकावाचे चिन्ह. विमानविद्या शिकून आलेला नाक वर म्हणजे धन असे धरतो; रॉसच्या अक्षांत कॅमेरा खाली झुकला की कोन धन होतो. चिन्ह उलटले तर कॅमेरा आभाळाकडे पाहतो, आणि ते निदान ताबडतोब दिसते. ज्या चुका दिसत नाहीत त्यांची भीती जास्त.

सिम्युलेटरचे मोल इथे आहे. खऱ्या रोबोवर उत्तर चुकले की संशयित डझनभर: भिंग, मोटारी, चाकाखालची माती, आपली मोजपट्टी. गॅझेबोत संशयित एकच, आपला हिशेब. एक चपटी लाल चकती रोबोपुढे बरोबर ३ मीटरवर, बरोबर १ मीटर डावीकडे ठेवा. आपल्या कॅमेऱ्यासाठी कागदावर उत्तर येते: वरून १२७वी ओळ, डावीकडून १४२वा रकाना. चित्रात चकतीचा मध्य तिथेच आला पाहिजे. ठिपक्याएवढ्या फरकाची माफी, त्यापुढे नाही. चकती मधल्या रेषेवर ठेवून चाचणी आटोपणारे फसतात, कारण तिथे डावे-उजवे चिन्ह उलटे असले तरी उत्तर बरोबरच येते. डावीकडे एक, उजवीकडे एक, जवळ एक आणि वरच्या कडेलगत एक, इतक्या चकत्या तरी हव्यातच.

खोली मोजणारा कॅमेरा लावला तर हा सगळा खटाटोप वाचेल, असे कोणी म्हणेल. काही अंशी वाचतो. गॅझेबोत असा कॅमेरा प्रत्येक ठिपक्याला अंतराचा आकडा देतो. पण ते अंतर किरणाच्या लांबीचे नसते, कॅमेरा ज्या दिशेला रोखलेला आहे त्या सरळ दिशेत मोजलेले असते. लेसरने मोजणारे यंत्र मात्र किरणाची पूर्ण लांबी देते. चित्राच्या मध्यावर दोन्ही एकच. आपल्या ६० अंशांच्या कॅमेऱ्यात कोपऱ्याकडे ती २३ टक्क्यांनी वेगळी. एकाला दुसरे समजले की सपाट जमीन वाडग्यासारखी वाकते.

आणि रोबो चालत असतो. चित्र घेतल्यापासून त्याचा हिशेब पूर्ण होईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग गेला, आणि रोबो सेकंदाला मीटरभर चालतो आहे, तर जमीन १० सेंटिमीटर सरकली. हे चालून जाईल. तो सेकंदाला एक रेडियन, म्हणजे ५७ अंश, वळत असेल तर तेवढ्याच वेळात साडेपाच अंशांहून जास्त फिरतो आणि साडेआठ मीटरवरची वस्तू आडवी जवळजवळ ८५ सेंटिमीटर हलते. म्हणून प्रत्येक चित्रावर ते घेतल्याची वेळ छापलेली असते आणि रोबो त्या क्षणी कुठे होता ते विचारायचे असते, आत्ता कुठे आहे ते नाही. सिम्युलेटरमध्ये यात आणखी एक मेख आहे. संगणक दमला की सिम्युलेटर आपले घड्याळ हळू करतो, त्याचा एक सेकंद बाहेरच्या तीन सेकंदांचा होतो. एका भागाने भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि दुसऱ्याने सिम्युलेटरचे, की जमीन तर्कापलीकडे धावू लागते.

इतके सगळे जमल्यावर आपला हिशेब गॅझेबोत इतका चोख येतो की शंका यावी. ती यावीच. तिथली नेहमीची जमीन पूर्ण सपाट, चाके पूर्ण गोल, कॅमेऱ्याचा झुकाव कधी न बदलणारा, आणि भिंगाचा बाक, आपण मुद्दाम घातला नाही तर, शून्य. खऱ्या स्वस्त भिंगातून सरळ रेषा कडेला पोट काढतात. खरा रोबो ब्रेक लावला की मान तुकवतो, आणि एका अंशाची किंमत आपण आधीच काढली आहे. चढाचे तर विचारूच नका. रोबोच्या पायापासून जमीन अवघ्या ३ अंशांनी चढत असेल, तर माथ्याची ओळ प्रत्यक्षात ६ मीटरवर टेकते आणि आपले सूत्र ठामपणे ८.६६ सांगत राहते.

उंचसखल जमिनीसाठी सूत्र बाजूला ठेवून किरण पावलापावलाने पुढे न्यावा लागतो. जमिनीच्या उंचीचा नकाशा हाताशी असला, तर किरणावर पाच-पाच सेंटिमीटर पुढे सरका आणि दर वेळी विचारा: मी अजून जमिनीच्या वर आहे ना? पहिल्यांदा ‘नाही’ आले की तो ठिपका तिथला. हे कंटाळवाणे काम संगणक आनंदाने करतो, आणि मग समलंब चौकोन मोडतो. उंचवट्यामागे न दिसणाऱ्या जमिनीची भोके पडतात, कडा फाटतात.

उंचवटा निदान चित्रात उभा राहतो. खड्डा मात्र लपतो, आणि कॅमेऱ्यावर भिस्त ठेवणाऱ्या रोबोंना त्याचाच धाक मोठा. आपल्या रोबोपुढे ५ मीटरवर मीटरभर लांबीचा खोल खड्डा आहे असे धरा. अलीकडच्या काठावरून गेलेला किरण पलीकडच्या काठापर्यंत पोचेतो २० सेंटिमीटरच खाली उतरतो. म्हणजे खड्डा दोन मीटर खोल असला तरी त्याच्या समोरच्या भिंतीचा वरचा वीतभर भाग दिसतो, तोही ४८० पैकी २० ओळींत. माती सारख्या रंगाची असेल तर त्या २० ओळी सावलीच्या पट्ट्यासारख्या दिसतील. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे सूर्य क्षितिजालगत असतो आणि प्रत्येक दगडामागे खड्ड्यासारखीच काळी सावली पडते. नासाने व्हायपर या चांद्ररोव्हरसाठी गॅझेबोत भर घालून सिम्युलेटर बांधला, त्यात तिथला तिरका उजेड नीट उतरवण्यावर म्हणूनच भर होता.

आपल्याकडचे उदाहरण प्रज्ञानचे. २७ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३च्या या रोव्हरपुढे ४ मीटर व्यासाचे विवर आले. तेव्हा विवर त्याच्यापासून ३ मीटरवर होते. त्याला मागे फिरण्याची आज्ञा गेली आणि तो नव्या वाटेला लागला. प्रज्ञानला पुढे पाहणारे दोन कॅमेरे होते, त्यामुळे जमीन सपाट धरून चालण्याची गरज नव्हती. दोन चित्रांतल्या फरकावरून जमिनीचा चढउतार काढता येत होता. पण किरण काठावरून किती खाली उतरतो, हा हिशेब दोन कॅमेऱ्यांनाही चुकत नाही.

तो बदलायचा तर कॅमेरा वर न्यावा लागतो. उंची १ ऐवजी दीड मीटर केली की तोच खड्डा ५ मीटरवरून २० ऐवजी ३० सेंटिमीटर खोलपर्यंत दिसतो. मंगळावरच्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरांचे वाट शोधणारे कॅमेरे सुमारे तेवढ्याच उंच खांबावर होते. गॅझेबोच्या फाइलमध्ये ही उंची म्हणजे एक आकडा; तो बदलून पुन्हा चालवून पाहणे काही मिनिटांचे काम, आणि खांबाची एकही नळी कापण्याआधी ते करून पाहावे. मात्र उंची दीडपट झाली की बाकी सगळी अंतरेही दीडपट होतात, पायापुढचा न दिसणारा पट्टासुद्धा. आपल्या रोबोचा ७४ सेंटिमीटरचा आंधळा पट्टा १ मीटर ११ सेंटिमीटरचा होतो. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीने त्यासाठी धडाखाली, चाकांच्या वर, पुढे आणि मागे कॅमेऱ्यांच्या आणखी दोन जोड्या बाळगल्या होत्या, प्रत्येक कॅमेरा १२० अंशांहून रुंद पाहणारा.